तेलाच्या डब्यावर काय लिहिलेले असावे?





सुरतेत राहणाऱ्या आपल्या घरांना कपासिया तेल नवे नाही. गावाकडे आपण जिला सरकी म्हणतो, तिचेच हे तेल. भजी, फाफडा, चिवडा, दिवाळीचा फराळ, सारे त्यात तळले जाते. आपल्यापैकी अनेकांचे आजोळ जळगाव, धुळे, नंदुरबारकडे आहे. तिथे शेतात कपाशी आणि इथे कढईत तिचे तेल, असे आपले दुहेरी नाते आहे. म्हणून या अंकात एक प्रश्न आपल्यापुढे ठेवीत आहोत. जनुकीय बदल केलेल्या, म्हणजेच जीएम पिकापासून झालेल्या खाद्यपदार्थावर तसे स्पष्ट छापलेले असावे की नसावे? आमचे मत असे आहे की ते असावे, आणि सक्तीने असावे.

प्रथम थोडी माहिती. संकरित बियाणे आणि जीएम बियाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या सुरतच्या कापूस संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० साली 'संकर-४' हा वाण दिला. व्यापारी लागवडीसाठी आलेला तो जगातील पहिला संकरित कापूस. त्यात कपाशीच्याच दोन जातींचा संकर होता. बीटी कपाशीचे तसे नाही. मातीत आढळणाऱ्या 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' नावाच्या जिवाणूतील जनुक प्रयोगशाळेत कपाशीत घातला जातो. मग बोंडअळीला मारक असे प्रथिन झाड स्वतःच तयार करते.

परवानगी नसलेली बीटी कपाशी २००१ साली गुजरातच्या शेतांत सापडली, तेव्हा मोठी खळबळ झाली. पुढे २६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या मंजुरी समितीने जालन्याच्या महिको कंपनीच्या बीटी वाणांना परवानगी दिली. आज देशातील कपाशीच्या ९० टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर बीटी आहे. कापूस हे धाग्याचे पीक म्हणून सर्वांनी पाहिले. पण रुई गिरणीत गेली तरी सरकी मागे उरते. तिचे तेल आपल्या ताटात येते आणि ढेप गाई-म्हशींच्या गव्हाणीत जाते.

वांग्याच्या बाबतीत काय झाले ते आठवून पाहा. बीटी वांग्याची वेळ आली तेव्हा अहमदाबाद, नागपूर अशा शहरांत जनसुनावण्या झाल्या, शेतकरी बोलले, शास्त्रज्ञ बोलले, गृहिणीही बोलल्या. ९ फेब्रुवारी २०१० रोजी तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. आपल्या खानदेशी भरताच्या वांग्याविषयी देशाने एवढा विचार केला. भरताला फोडणी ज्या तेलाची, त्याविषयी मात्र आपल्याला कोणी काही विचारले नाही.

नियम झालेच नाहीत असे नाही. जीएम खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर 'जीएम' ही अक्षरे छापावीत, असा नियम १ जानेवारी २०१३ पासून अमलात आला. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये याविषयी स्वतंत्र मसुदा काढला आणि एक टक्क्याची मर्यादा सुचवली. २३ जुलै २०२४ रोजी जीएम मोहरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मते वेगळी पडली. पण आयात होणाऱ्या जीएम अन्नाबाबत, विशेषतः खाद्यतेलाबाबत, वेष्टन व लेबलविषयक कायदा पाळलाच पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. आता प्रत्येकाने आपल्या घरातील डबा किंवा पिशवी हाती घेऊन ही अक्षरे शोधून पाहावीत.

विरोधी बाजूही ऐकली पाहिजे. तेल शुद्ध करताना जनुक आणि प्रथिन जवळजवळ सर्व निघून जाते, असे शास्त्रज्ञ सांगतात. मग लेबल लावून लोकांना घाबरवायचे कशाला? आम्हालाही कोणाला घाबरवायचे नाही. कपासिया तेल विषारी आहे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. पण लेबल म्हणजे धोक्याची पाटी नव्हे. पाकिटांवर शाकाहाराची हिरवी खूण आली. मांसाहार विषारी आहे म्हणून ती आली नाही. काय खावे हे ज्याचे त्याने ठरवावे आणि ठरवता यावे म्हणून ती आली. हीच गोष्ट इथेही लागू आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. परदेशातून येणाऱ्या सोयाबीन तेलाचा हिशेब ठेवणे अवघड असेल. पण सरकीचे गणित सोपे आहे. इथे जवळजवळ सर्वच कपाशी बीटी असल्यामुळे वेगळे साठे ठेवण्याचा प्रश्न नाही. सर्व कपासिया तेलावर 'जीएम कपाशीपासून' एवढे छापावे आणि ज्याला आपले तेल निराळे म्हणायचे असेल त्याने पुरावा द्यावा. शुद्ध तेलात तपासणीला काही सापडत नाही, म्हणून नियम प्रयोगशाळेवर नव्हे तर बियाण्याच्या मूळ नोंदीवर आधारलेला हवा. युरोपात तशीच पद्धत आहे.

एक गोष्ट मात्र आमच्या मनाला अधिक लागते. लेबल झाले तरी ते कोणाला वाचायला मिळणार? उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत रोज थोडे थोडे तेल सुटे आणणारी कुटुंबे आहेत. लारीवरच्या भज्यांना वेष्टन नसते. डबा दुकानातच राहतो, घरी येते ती बाटली. ज्यांची मिळकत कमी, त्यांना माहितीही कमी, हे आम्हाला मान्य नाही. म्हणून डब्यावर जे छापले जाईल ते दुकानात, फरसाणवाल्याकडे, उपाहारगृहात फलकावर लिहिण्याचीही सक्ती असावी.

आणि सुरुवात आपल्या घरापासून व्हावी. विश्वस्त मंडळींना आमची विनंती आहे की शाळेच्या स्नेहसंमेलनात, सहलीत, पालकसभेत जो अल्पोपाहार दिला जातो, तो कोणत्या तेलात तळला आहे हे फलकावर मराठीत लिहिले जावे. याला काहीच खर्च येत नाही. विद्यार्थ्यांनी आपल्या घरच्या तेलाच्या लेबलवरील प्रत्येक शब्द वहीत उतरवून आणावा. विज्ञानाच्या तासाला त्यावर चर्चा करू. पालकांचे मत आमच्यापेक्षा वेगळे असेल तर अवश्य लिहून पाठवावे. पुढील अंकात त्यालाही जागा दिली जाईल.

आपले,
मुख्याध्यापक