सोळाव्या दिवसाचे काय?

आजार काही दिवसांत बरा होतो, या समजुतीवर आपला सार्वजनिक आरोग्यविमा उभा आहे. आमचा आक्षेप या समजुतीलाच आहे. २०१८ साली सुरू झालेली आयुष्मान भारत योजना पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण देते. पण ते रुग्णालयात दाखल होण्याशी बांधलेले आहे. घरी सोडल्यानंतरचा खर्च मिळतो तो १५ दिवसांचा. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाची गरज सोळाव्या दिवशी संपते काय? फिजिओथेरपी, स्पीच थेरपी, आकडीवरची औषधे हे सारे वर्षानुवर्षे चालते, आणि तेही रुग्णालयाबाहेर.

'निरामय' आहे ना, असे कुणी म्हणेल. राष्ट्रीय न्यासाची २००८ मधील ही योजना बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीचाही खर्च देते, हे तिचे मोल आम्ही नाकारीत नाही. परंतु वर्षाची मर्यादा १ लाख रुपये, आणि पैसे आधी पालकांनी भरावयाचे, मग बिले जोडून परत मागावयाचे. ज्या आईबापांजवळ आधी भरायलाच पैसे नाहीत, त्यांनी काय करावे?

आमचे म्हणणे एवढेच: थेरपी आणि नित्याची औषधे आयुष्मान योजनेत घ्या, आणि त्यांचे पैसे थेट उपचारकेंद्राला द्या.