‘फ्लॅशशिवाय फोटो येत नाही!’

गेल्या हिवाळ्यात माझ्या भाचीचे लग्न झाले. मिस्सा सुरू झाली, प्रवचन संपले, वधू-वर वेदीसमोर उभे राहिले आणि धर्मगुरूंनी त्यांना एकमेकांचा उजवा हात हाती घ्यायला सांगितले. नेमक्या त्याच क्षणी दोन छायाचित्रकार आणि एक व्हिडिओवाला असे तिघे वेदीच्या पायऱ्या चढून गेले. पुढची काही मिनिटे चर्चमध्ये वीज कडाडावी तसे फ्लॅश उडत राहिले. पहिल्या बाकावर वधूची आजी, म्हणजे माझी आई बसली होती. वय ऐंशीच्या पुढे, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. तिने पदर डोळ्यांवर धरला. घरी परतताना ती एवढेच म्हणाली, “पोरीचा शब्द ऐकला, पण तिचं तोंड काही दिसलं नाही.”

संध्याकाळी हॉलवर मी त्या छायाचित्रकाराला गाठले. पोरगा नम्र होता. म्हणाला, “अंकल, काय करणार? फ्लॅशशिवाय फोटो येत नाही. चर्चमध्ये अंधार किती असतो!”

हे वाक्य आपल्या लग्नांत इतक्या वेळा ऐकू येते, की ते आता श्रद्धेच्या पातळीवर जाऊन पोहोचले आहे. म्हणूनच ते तपासून पाहण्याची वेळ आली आहे असे मला वाटते.

प्रथम कबुली देतो. तरुणपणी काही वर्षे मीही लग्नांचे फोटो काढले आहेत आणि हेच वाक्य मीही उच्चारले आहे. तेव्हा ते खरे होते, कारण त्यामागे गणित होते. दिवे लावलेल्या, मध्यम उजेडाच्या चर्चमध्ये १०० आयएसओची फिल्म घातली आणि भिंगाचे छिद्र एफ २.८ इतके मोठे उघडले, तरी शटर साधारण १/४ सेकंद उघडे ठेवावे लागे. तेवढ्या वेळात काढणाऱ्याचा हातही हले आणि वधूची मानही. ४०० आयएसओची फिल्म घातली तरी मजल १/१५ सेकंदापर्यंतच जाई. मग फ्लॅशवाचून गत्यंतर नसे. १८८७ साली जर्मनीत मीठे आणि गेडिके या दोघांनी मॅग्नेशियमची पूड पेटवून उजेड पाडण्याची रीत काढली. पुढे बल्ब आले, मग इलेक्ट्रॉनिक फ्लॅश आले. हा सारा खटाटोप फिल्मची दृष्टी मंद असल्यामुळे होता. शिवाय एका रोलमध्ये ३६ फोटो असत आणि प्रत्येक फोटोला पैसे पडत. त्यामुळे शपथेच्या वेळी दोन, अंगठीच्या वेळी दोन, एवढ्यावर हात आवरावा लागे. तो संयम आमच्या अंगच्या सद्गुणाचा नव्हता, रोलच्या किमतीचा होता.

आज काय स्थिती आहे? २००७ साली निकॉनचा डी३ हा कॅमेरा आला आणि ६४०० आयएसओ हे नेहमीच्या वापरातले माप झाले. त्यानंतर कॅमेऱ्यांनी आणखी मजल मारली आहे. लग्नाची कामे करणाऱ्या बहुतेकांच्या हाती आज जे कॅमेरे आहेत, ते ३२०० आयएसओवर अल्बममध्ये लावण्याजोगे चित्र सहज देतात. आता तेच चर्च, तेच दिवे आणि तेच एफ २.८ चे छिद्र घ्या. ३२०० आयएसओवर शटरचा वेग १/१२५ सेकंद मिळतो. एफ २ चे भिंग असेल तर १/२५० सेकंद! वेदीसमोर स्थिर उभ्या असलेल्या दोन माणसांचा फोटो काढायला याहून अधिक काय हवे? चर्चमध्ये अंधार आहे ही तक्रार फिल्मच्या काळातली. ती फिल्म गेली, तक्रार मात्र गळ्यातल्या पट्ट्यासारखी लोंबत राहिली.

कोणी म्हणेल, “असेना का, फ्लॅशने फोटो अधिक चांगला तर येतो!” हाही समजच आहे. फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात ओसरतो. दोन मीटरवरच्या वधूवर जेवढा उजेड पडतो, त्याच्या चौथा हिस्सा चार मीटरवर आणि सोळावा हिस्सा आठ मीटरवर पडतो. कॅमेऱ्याची मांडणी फ्लॅशच्याच भरवशावर केली, तर चेहरे पांढरेफटक आणि मागची वेदी काळोखात बुडालेली असेच चित्र निघते. समोरून आलेल्या फ्लॅशने कपाळावरचा घाम चकाकतो, व्हेलवरची नाजूक जाळी पांढऱ्या ठिगळासारखी दिसते आणि डोळे लाल होतात. त्यात रंगांचे भांडण वेगळेच. मेणबत्तीचा उजेड सुमारे १९०० केल्विनचा, पिवळ्या दिव्यांचा ३००० च्या आसपास आणि फ्लॅशचा जवळजवळ ५५०० चा. त्यामुळे माणसे निळसर आणि भिंती नारिंगी होतात. चर्च सजवायला फुले आणि मेणबत्त्या यांवर हजारो रुपये खर्च करायचे आणि तो सगळा उजेड एका झटक्यात पुसून टाकायचा, याला शहाणपण कसे म्हणावे?

फ्लॅशशिवाय काम करताना अडचणी येतच नाहीत असे मी म्हणणार नाही. आयएसओ वाढवला की चित्रात रवाळपणा येतो. पण रवाळ फोटोत भावना दिसते, जळालेल्या फोटोत काहीच दिसत नाही. एलईडी दिवे काही वेळा लुकलुकतात आणि चित्रात पट्टे उमटतात. अशा वेळी शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवले की, आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे, ते बहुतेक वेळा जातात. पांढरा गाउन चौकटभर आला की कॅमेरा फसतो आणि त्याला करडा करू पाहतो. तेव्हा एक्स्पोजर एक पायरी वाढवावे लागते. हे सारे शिकण्याजोगे आहे. आदल्या दिवशी अर्धा तास चर्चमध्ये जाऊन, त्याच दिव्यांत दोन-चार फोटो काढून पाहिले तरी पुरे. अंधाराला दोष देणे त्याहून सोपे असते, एवढेच.

आणि फ्लॅशशी माझे वैर नाही. संध्याकाळच्या हॉलमध्ये तो जरूर वापरावा, पण डोके लावून. त्याचे तोंड पाहुण्यांच्या डोळ्यांत न रोखता पांढऱ्या, ठेंगण्या छताकडे वळवावे, म्हणजे उजेड वरून मऊ होऊन उतरतो. जुन्या चर्चच्या उंच लाकडी छताखाली हा उपाय चालत नाही आणि मांडवाच्या लाल-पिवळ्या कापडाखाली चेहऱ्यांवर कापडाचाच रंग चढतो, हेही ध्यानात असावे. आयएसओ ८०० ते १६००, छिद्र एफ ४, शटर १/६० किंवा त्याहून थोडे संथ ठेवले की हॉलच्या माळा आणि दिवेही चित्रात येतात. शटर मागचा उजेड ठरवते, फ्लॅशचा उजेड छिद्र आणि आयएसओ यांच्या हाती असतो. एवढे एक सूत्र ज्याला उमगले, त्याचे केक कापण्याचे, टोस्टचे आणि नाचाचे फोटो बोलू लागतात. फ्लॅशवर नारिंगी कागद लावला तर रंगांचे भांडणही मिटते. जेथे हशा आहे, नाच आहे, तेथे दोन झगमगाटांनी कोणाचे काही बिघडत नाही.

वेदीसमोर मात्र बिघडते. आपल्या लॅटिन परंपरेत विवाहाचा संस्कार वधू-वर एकमेकांना देतात. धर्मगुरू ख्रिस्तसभेच्या वतीने तो स्वीकारतात आणि बाकी आपण सारे साक्षीला असतो. आपण चर्चमध्ये बोलावलेली आजी, काका, शेजारी हे शोभेचे प्रेक्षक नव्हेत. त्यांना पाठमोरे तीन कॅमेरे आणि डोळे दिपवणारा झोत दाखवायचा असेल, तर त्यांना बोलावले कशासाठी? १९६७ साली रोमहून निघालेल्या ‘युकॅरिस्टिकुम मिस्टेरिउम’ या सूचनापत्रात यासंबंधी स्पष्ट निर्देश आहे. छायाचित्रणामुळे उपासनेत, विशेषतः मिस्सेत, व्यत्यय येऊ नये, योग्य कारण असेल तेथे ते अत्यंत संयमाने करावे आणि स्थानिक बिशपांचे नियम पाळावेत, असा त्याचा आशय आहे. ३६ फोटोंच्या रोलच्या काळात ज्यांना हे सांगावेसे वाटले, त्यांनी आजच्या हजारो फोटोंना काय म्हटले असते?

येथे छायाचित्रकारावर सारा दोष ढकलून मोकळे होणे मला मान्य नाही. तो आपल्या मागणीप्रमाणे वागतो. अल्बम हाती येताच आपण फोटो मोजतो, उजळ किती आहेत ते पाहतो आणि कमी भरले तर उरलेले पैसे अडवतो. पाहुणे मंडळी मोबाइल उंचावून मधल्या वाटेत उतरतात, तेव्हा त्यांना आवरायला कोणी उठत नाही. मग शपथेच्या वेळी मागे थांबण्याचे धाडस त्या पोराने कोणाच्या भरवशावर करावे? ‘फ्लॅश लावू नये’ अशी पाटी चर्चच्या दारात लावून हे सुटणार नाही. पाटी वाचली जात नाही, यजमानाचा शब्द मात्र ऐकला जातो.

तेव्हा वाचकहो, घरात लग्न ठरले की बयाणा देताना छायाचित्रकाराला तीन गोष्टी विचारा. फ्लॅशशिवाय चर्चमध्ये काढलेले फोटो दाखवतोस का? शपथेच्या वेळी पायऱ्यांखाली, बाजूला उभा राहून लांबच्या भिंगाने काम करशील का? आदल्या दिवशी चर्च पाहून जाशील का? ‘होय’ म्हणणारा थोडे अधिक पैसे मागेल. ते द्या, कारण त्याने काहीतरी शिकून घेतलेले आहे.

भाचीचा अल्बम दोन महिन्यांनी आला. आईने चष्मा पुसून शपथेचा फोटो कितीतरी वेळ पाहिला. नातीचे तोंड एकदाचे दिसले, चुन्यासारखे पांढरे. मागे, जेथे आमची वेदी असते, तेथे नुसता काळोख होता. ज्या चर्चमध्ये तिचा बाप्तिस्मा झाला, लग्न झाले, त्या काळोखावर बोट ठेवून तिने मला विचारले, “हे आपलंच चर्च का रे?”