पुरे म्हणजे किती? जावा बेटावरील श्रीहार्जो गाव

गावाच्या नावात त्याचा इतिहास दडलेला असतो, असे आपल्याकडे म्हणतात. जावा बेटाच्या दक्षिण भागात श्रीहार्जो नावाचे एक गाव आहे. त्यातील ‘श्री’ आपलीच. ‘हार्जो’ म्हणजे सुखसमृद्धी. हे गाव इमोगिरीच्या परिसरात वसले आहे, आणि इमोगिरी म्हणजे आपला ‘हिमगिरी’. तेथे बर्फ कधी पडत नाही. त्या लोकांनी ‘हिम’ या शब्दातून धुक्यापुरताच अर्थ घेतला. इंडोनेशियात गावाला ‘देसा’ म्हणतात, तो आपला ‘देश’. गावच्या प्रमुखाला ‘कपाला देसा’ म्हणतात. त्यातील ‘कपाला’ म्हणजे मस्तक, आपले ‘कपाळ’. जवळचे मोठे शहर योग्यकार्ता. त्याचे नाव अयोध्येवरून पडले आहे.

शब्दांची ही सोयरीक पाहून कोणाही मराठी वाचकाचे मन सुखावेल. तथापि या महिन्यात आम्ही श्रीहार्जोची ओळख करून देण्याचे ठरविले, ते त्या सोयरिकीसाठी नव्हे. या लहानशा गावाने प्रत्येक संसारी माणसाला पडणाऱ्या एका प्रश्नाचे उत्तर चक्क हिशेब मांडून दिले होते. तो प्रश्न असा : एका कुटुंबाला पुरे म्हणजे किती?

आधी गावाचा परिसर पाहू. योग्यकार्ता शहरापासून दक्षिणेस पंधरा-सतरा किलोमीटर गेले की सपाट भातखाचरे संपत येतात आणि चुनखडीच्या डोंगरांची रांग सुरू होते. श्रीहार्जो या सांध्यावर आहे. गावचा पश्चिमेकडील भाग सखल व पाण्याखालचा, तर पूर्वेकडील वाड्या डोंगराच्या उतारावर. डोंगरातून ओयो नावाची नदी वळणे घेत खाली येते व पुढे ओपाक नदीस मिळते. आभाळ निरभ्र असेल तेव्हा उत्तरेस मेरापी हा जागृत ज्वालामुखी दिसतो. त्याच्या राखेने या मैदानाची माती शतकानुशतके सकस ठेवली आहे. ज्या पर्वताची धास्ती, त्याच्याच कृपेवर भात पिकतो. इमोगिरीच्या टेकडीवर मातारामच्या राजांची समाधिस्थाने आहेत. सुलतान आगुंग याने 1632 मध्ये ती जागा निवडली, आणि पुढे योग्यकार्ता व सुराकार्ता या दोन्ही घराण्यांतील राजे तेथेच चिरनिद्रा घेत आहेत.

राजांच्या पायथ्याशी राहणाऱ्या शेतकऱ्यांची स्थिती मात्र राजस कधीच नव्हती. जावा बेट क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या निम्म्याहून लहान. 1971 च्या जनगणनेत तेथे 7 कोटी 60 लाख माणसे होती. 2020 मध्ये ती 15 कोटी 16 लाख झाली. साऱ्या इंडोनेशियाच्या भूमीचा जेमतेम 7 टक्के भाग असलेल्या या बेटावर देशातील निम्म्याहून अधिक लोक राहतात. जमीन वाढत नाही, वाटेकरी वाढतात. मग खाचराचे तुकडे किती लहान व्हावेत?

1970 च्या सुमारास दोन अभ्यासकांनी या प्रश्नाचा शोध श्रीहार्जोमध्ये घेतला. एक मास्री सिंगारिम्बुन, मूळचे उत्तर सुमात्राचे मानववंशशास्त्रज्ञ. दुसरे डेव्हिड पेनी, ऑस्ट्रेलियन कृषी-अर्थतज्ज्ञ. त्यांचे छोटेखानी पुस्तक 1973 मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने प्रसिद्ध केले. या विद्वानांनी गरिबीची व्याख्या बाहेरून आणली नाही. गावकऱ्यांच्या बोलण्यात एक शब्द वारंवार येई, ‘चुकुपान’. त्याचा अर्थ श्रीमंत नव्हे, तर ज्याचे पुरेसे भागते तो. दोन्ही वेळा भात, लाज राखण्यापुरते कपडे, शेजारच्या कार्यास रिकाम्या हाताने जावे लागत नाही, एवढी ऐपत असलेला. अशा कुटुंबाला किती जमीन लागते, असे विचारता हिशेब निघाला तो 0.7 हेक्टर भातखाचर आणि 0.3 हेक्टर परसबाग. आपल्या मापाने एकंदर अडीच एकर. वाचकहो, ही काही फार मोठी मागणी नव्हे. परंतु गावातील बहुसंख्य कुटुंबांजवळ याच्या कितीतरी कमी जमीन होती, आणि पुष्कळांजवळ खाचर मुळीच नव्हते. कित्येकांचे घरही दुसऱ्याच्या परसात उभे असे. गावच्या कारभाऱ्यांना मात्र पगाराऐवजी ‘लुंगुह’ नावाची जमीन मिळे. वतनाच्या जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

मग जमीन नसलेल्यांनी जगावे कसे? पहिला आधार घराभोवतीच्या परसाचा. या परसाला तेथे ‘पकारांगान’ म्हणतात. नारळ, केळ, फणस, कसावा, औषधी पाला, चार कोंबड्या, जमल्यास माशांचे लहानसे डबके. एकाखाली एक अशी दाटी करून वीतभर जागाही वाया न जाऊ देण्याची ही कला आहे. दुसरा आधार माडाचा. पुरुषाने सकाळ-संध्याकाळ माडावर चढावे, पोय छेदून बांबूच्या नळकांड्यात रस धरावा, बायकोने तो तासन्‌तास चुलीवर आटवून करवंटीत ओतावा, की गुळाची ढेप तयार. गोव्यातील आमच्या वाचकांना येथे रेंदेराची आठवण होईल. पावसात निसरड्या खोडावरून पाय घसरला की संसाराचा आधारच तुटे. एवढे करूनही माड दुसऱ्याचा असला तर मालकाचा वाटा चुकत नसे, आणि सरपणाची चिंता निराळीच.

तिसरा आधार आमच्या मते सर्वांत मोठा होता. तो कापणीच्या वाट्याचा. जावातील शेतकरी धर्माने बहुतांशी मुसलमान. पण भाताची देवता देवी श्री हिचा मान तेथे राहिला. कापणीपूर्वी ‘विवितान’ नावाचा विधी करीत. ‘विवित’ म्हणजे आरंभ. खाचराच्या कोपऱ्यात नारळाच्या दुधातला भात, अख्खी शिजविलेली कोंबडी, अंडी असा नैवेद्य मांडीत आणि तो जमलेल्या मुलाबाळांना केळीच्या पानावर वाटून देत. मग स्त्रिया कापणीस लागत. त्यांच्या मुठीत ‘आनी-आनी’ नावाचे बोटभर पाते असे. ते तळहातात झाकलेले असे. देवीने शस्त्र पाहून भिऊ नये, ही त्यामागची समजूत. एकेक लोंबी अशी खुडावयाची म्हणजे काम सावकाश, आणि माणसे पुष्कळ लागत. यातच त्या रीतीचे मर्म होते. कापणीला जी येईल तिला सहसा परत पाठवीत नसत. आणि जिने कापले तिला कापलेल्या भातातून ‘बावोन’, म्हणजे ठरलेला वाटा, द्यावाच लागे. जवळच्या नात्यातल्या बाईला वाटा मोठा, शेजारणीला त्याहून कमी, परगावच्या बाईला आणखी कमी; पण रिकाम्या हाताने कोणी जात नसे. घरी आणलेले भात लाकडी ‘लेसुंग’मध्ये मुसळांनी कांडावयाचे, तेही काम बायकांचेच. दुसऱ्याचे भात कांडून दिले तर त्याबद्दल तांदूळ मिळत. खळ्यावरून बलुते नेण्याची रीत आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिली आहे. तिचा आणि बावोनचा जीव एकच.

ही रीत मोडली कोणी? कोणा दुष्टाने नव्हे, तर भरघोस पिकाने. 1968 च्या सुमारास फिलिपाईन्समधील संशोधन केंद्रातून आलेल्या ठेंगण्या भाताचा सरकारने जावाभर प्रसार केला. खत, औषधे, कर्ज यांची जोड मिळाली आणि वर्षाला दोन पिके हाती येऊ लागली. ठेंगण्या रोपांची लोंबी खुडण्यापेक्षा विळ्याने बुंधा कापणे सोपे पडे. विळा बहुधा पुरुषांच्या हाती आला. माणसे थोडी लागू लागली. त्यातच शेतकरी उभ्या पिकाचा उक्ता सौदा करू लागला. त्याला तेथे ‘तेबासान’ म्हणतात. पीक घेणारा व्यापारी आपली टोळी घेऊन येई. तो गावचा नसल्यामुळे शेजारणीला ‘नाही’ म्हणण्याचा संकोच त्याला नसे. आणि शेतमालकही मनातून सुटला, कारण ‘नाही’ म्हणणारा तो स्वतः नव्हता. याच सुमारास भाताच्या लहान गिरण्या गावोगाव आल्या आणि लेसुंग मुके झाले. मुसळांच्या तालाचा खेळ आज उत्सवात हौसेने करून दाखवितात. ज्या बाईला कांडणातून शेरभर तांदूळ मिळत, तिच्या घरची चूल मात्र त्या तालावर पेटत नाही.

येथे केवळ हळहळणे अन्यायाचे होईल. जुन्या रीतीत वाटेकरी इतके होत की प्रत्येकीच्या वाट्याला मूठभरच येई. अमेरिकन अभ्यासक क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी 1963 मध्ये तिला ‘वाटून घेतलेले दारिद्र्य’ म्हटले, ते काही अगदीच खोटे नव्हते. नव्या भाताने उपासमार हटविली. जगात सर्वाधिक तांदूळ आयात करणाऱ्या देशांत गणला जाणारा इंडोनेशिया 1984 मध्ये तांदळाच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला. वाटेत ठेचाही लागल्या. औषधांच्या अतिरेकाने तपकिरी तुडतुड्यांचे शत्रू असलेले कोळी व कीटक मेले आणि तुडतुडे मात्र माजले. अखेर 1986 मध्ये सरकारने भातावरील 57 कीटकनाशकांना बंदी घातली, आणि पुढे शेतकऱ्यांना खाचरात बसवून मित्रकीटक ओळखावयास शिकविणाऱ्या शेतशाळा सुरू केल्या. म्हणजे हिशेब असा : धान्य वाढले, भूक घटली, पण कापणीला येणाऱ्या बाईचा हक्क गेला. धान्याची कोठारे मोजणारे अधिकारी पहिल्या दोन गोष्टींची नोंद ठेवतात. तिसरीला कोठे रकाना नसतो.

तथापि वाटून घेण्याची वृत्ती मेली, असे मानण्याचे कारण नाही. 1998 च्या आर्थिक अरिष्टात सरकारने गरीब कुटुंबांसाठी स्वस्त तांदूळ देण्यास आरंभ केला. गरिबांच्या याद्या झाल्या. पण जावातील असंख्य गावांत तो तांदूळ यादीप्रमाणे न वाटता घरटी सारखा वाटला गेला. त्याला ते ‘बागी राता’ म्हणतात, म्हणजे समान वाटणी. अधिकाऱ्यांच्या लेखी हा घोटाळा होता, कारण गरजूच्या पदरात कमी पडले, आणि ते खरेही होते. पण गावकऱ्यांच्या लेखी तो न्याय होता. एका गल्लीत एकाला पोते आणि दुसऱ्याला काहीच नाही, असे झाल्यावर उद्या घर शाकारावयास कोण येईल, मयतीला खांदा कोण देईल, असा त्यांचा सवाल. दोन्ही बाजू खऱ्या असाव्यात, असा हा पेच आहे. आम्हांस तरी तो सोडविता आलेला नाही.

27 मे 2006 रोजी पहाटे सहाच्या आत या भागात भूकंप झाला. एकंदर 5,700 हून अधिक माणसे गेली. सर्वाधिक हानी झाली ती श्रीहार्जो ज्या बांतुल जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्याची. चार पैसे हाती आल्यावर बांबूच्या भिंती काढून लोकांनी विटांच्या भिंती बांधल्या होत्या. त्याच कित्येकांच्या अंगावर कोसळल्या. नंतर सरकारी अनुदान शेजाऱ्यांच्या गटांना दिले गेले, आणि गटागटाने एकमेकांची घरे उभारली. या परस्परसाहाय्याला तेथे ‘गोतोंग रोयोंग’ म्हणतात. दोन-अडीच वर्षांत बहुतेक घरे उभी राहिली. ज्या हातांचा कापणीतला वाटा गेला होता, तेच हात ढिगारे उपसावयास आले होते.

आज ओयो नदीकाठची हिरवी खाचरे पाहण्यास शहरातून सायकलस्वार येतात. 2020 पासून योग्यकार्ता प्रदेशात ‘देसा’ऐवजी ‘कालुराहान’ हे जुने नाव पुन्हा रूढ झाले आहे. तरुण मुले शहरात कामाला जातात आणि ईदेला लाखोंच्या संख्येने आपापल्या गावी परततात. अडीच एकरांचा तो हिशेब त्यांना कदाचित आजोबांनी सांगितला असेल.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची घरे गाव सोडून तीन-चार पिढ्या झाल्या. इंदूर, बडोदे वा हैदराबादेस नोकरी-धंदा करीत असताना गावाकडून आंब्याची पेटी किंवा तांदळाची गोणी आली, तर ‘आपला वाटा आला’ असे आपण सहज म्हणतो. ते शेत कोण कसते, आणि कापणीला येणाऱ्या बाईला तेथे आज काय मिळते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? पुढच्या वेळी गोणी येईल तेव्हा आपण एक पत्र लिहून तेवढे विचारून पाहावे, एवढीच विनंती.