बोरन्हाणाला काय द्यायचं?



गेल्या महिन्याची सभा दोन तास लांबली ती बोरन्हाणाच्या भेटींवरून. रथसप्तमीच्या रविवारी, २५ जानेवारीला, होणाऱ्या सामुदायिक बोरन्हाणात मुलांना खेळणी देऊ नयेत, द्यायचंच तर एक मराठी पुस्तक द्यावं आणि लुटायच्या खाऊतून शेंगदाणे, हरभरे वगळावेत, असं अमेरिकेतल्या आपल्या मंडळाच्या समितीने ठरवलं. त्यावर ‘कुणाच्या मुलाला काय द्यायचं हे ठरवणारं मंडळ कोण?’ असा सवाल आला. थोडा रागाने आला, पण गैर नाही. म्हणूनच हे संपादकीय.

गेल्या वर्षीचा प्रसंग उपस्थितांना आठवत असेल. साडेचार वर्षांच्या एका मुलीच्या आजीने पुण्याहून हलवा आणला होता आणि तीन रात्री जागून, एकेक दाणा दोऱ्याच्या फासात धरून हार, बाजूबंद, बिंदी केली होती. काळं परकर-पोलकं, त्यावर ते पांढरे दागिने. पाटावर बसल्या बसल्या मुलीने बांगडीतला एक दाणा ओठांनी सोडवला आणि आजीकडे बघून हसली. तेवढ्यात शेजारच्या खोक्यातलं बॅटरीचं खेळणं वाजू लागलं. सगळी मुलं तिकडे धावली, तीही धावली. हार तुटला. आजी काही बोलल्या नाहीत, खाली बसून दाणे वेचत राहिल्या.

हलव्यावर काटा घाईने येत नाही. तीळ किंवा साबुदाणा मंद आचेवरच्या परातीत घ्यायचा, चमचा-चमचा पाक सोडायचा आणि हाताने हलवत राहायचं. दिवसच्या दिवस जातात. हे करणारे हात आपल्याकडे फार थोडे आहेत. सहा महिन्यांसाठी येणारे आजी-आजोबा बहुतेक थंडीच्या आत परततात. जे जानेवारीत इथे असतात, त्यांच्या हातचं मुलांनी निवांत बघावं, चाखावं, एवढीच समितीची इच्छा आहे. नाताळच्या खेळण्यांना मंडळाचा मुळीच विरोध नाही. आपली मुलं इथल्या शाळेत जातात, सांताची वाट बघतात, बघावीच. पण ती खेळणी येऊन जेमतेम महिना झालेला असतो.

शेंगदाण्यांबद्दल मात्र समिती ठाम आहे. काही मुलांना त्यांची अ‍ॅलर्जी आहे. शिवाय अख्खे दाणे आणि कडक गोळ्या घशात अडकतात, म्हणून चार वर्षांखालच्या मुलांना त्या देऊच नका, असं इथले बालरोगतज्ज्ञ सांगतात. अमेरिकेत २०२३ पासून पाकिटावर तिळाचीही नोंद सक्तीची झाली आहे, तेव्हा तिळगुळाचं टेबल वेगळं राहील आणि लहानग्यांचा हलवा अंगावरच राहील. मुलांवर चुरमुरे, बोरं आणि उसाची लांब पेरं पडतील. ताजी बोरं मिळाली नाहीत तर चिनी दुकानातली वाळलेली लाल बोरं चालतील. भारतातून येताना ताजी बोरं कृपया आणू नका, विमानतळावर काढून घेतात.

‘परंपरा मोडली’ म्हणणाऱ्यांना नम्रपणे सांगावंसं वाटतं, की काही घरी याला बोरन्हाण म्हणतात, काही घरी लूट. कुणाकडे बत्तासे असतात, कुणाकडे रेवड्या. प्रत्येक घरचं खरंच आहे, आणि घरच्या बोरन्हाणात मंडळ ढवळाढवळ करत नाही.

पुस्तक कोणतं, हेही अनेकांनी विचारलं. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ किंवा ‘यश’ ही छोटी पुस्तकं चित्रांवरूनच कळत जातात. आई-बाबांपैकी एकाला मराठी येत नसेल तरी दोघांना मुलाशेजारी बसता येतं. थोरल्या भावंडांसाठी ‘फास्टर फेणे’ आहे, १९७१ पासूनचं ‘किशोर’ आहे. विकतचं नको असेल तर आजोबांच्या हस्ताक्षरातली घरची एखादी गोष्ट द्या. ती आम्हाला सर्वांत आवडेल.

आता थोडं स्पष्ट बोलतो. गणपतीच्या महाप्रसादाला पाय ठेवायला जागा नव्हती. गेल्या बोरन्हाणाला मुलं आली अकरा, आणि त्यांतली चार समितीच्या घरची. भेटींवर दोन तास बोलणाऱ्या मंडळींपैकी किती जण त्या दिवशी होते, हे ज्याचं त्याने आठवावं. कुणाला दुखवायचा हेतू नाही. बर्फ असतो, अंतरं लांब आहेत, हे आम्हीही जाणतो.

तेव्हा विनंती अशी: नावं १० जानेवारीपर्यंत कळवा, सोबत मुलाचं वय आणि अ‍ॅलर्जी लिहा. पुस्तकावर मुलाचं नाव घालून ते दाराशी ठेवलेल्या पेटीत टाका. हलव्याचे दागिने करता येणाऱ्या आजी आणि मावश्यांनी १७ तारखेला दुपारी यावं, दोरा आणि हलवा मंडळ देईल. शिकायला तरुण आयांनी जरूर यावं. सभागृहाची लाकडी जमीन हलव्याने चिकट होते, गेल्या वर्षी आपली अर्धी अनामत त्यातच गेली. म्हणून जुन्या मोठ्या चादरी हव्या आहेत, आणि कार्यक्रमानंतर तासभर थांबून झाडायला सहा जण. आतापर्यंत दोघांनी नावं दिली आहेत.