डोंगर राखलात, आता माणसांनाही जागा द्या

लाँगमाँटहून बोल्डरला जाणारी सकाळची बस मी गेली चौदा वर्षे पकडते आहे. अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास. डायगोनल हायवेच्या कडेने शेते आणि कुरणे, समोर फ्लॅटआयर्न्सचे तिरके, लालसर कडे. बसमधली माणसे आता चेहऱ्याने ओळखीची झाली आहेत. हॉटेलात भाज्या चिरणारे एक काका, पाळणाघरात काम करणाऱ्या दोघी जणी, रुग्णालयातली एक परिचारिका. बोल्डरचा दिवस आमच्यासारख्यांच्या हातांनी सुरू होतो आणि आमच्यापैकी एकही जण बोल्डरमध्ये राहत नाही.

कोलोरॅडो राज्यातले हे विद्यापीठाचे शहर. २०२०च्या जनगणनेत लोकसंख्या एक लाख आठ हजार. बाहेरून रोज कामाला येणारी माणसे साठ हजारांच्या घरात. शहरात घरे किती, किती उंच आणि कुठे बांधायची, हे ज्या निवडणुकांत ठरते त्यांत या साठ हजारांना मत नाही. मलाही नाही. पुण्याहून शिकायला आले तेव्हा मी इथली नागरिक नव्हते. नागरिकत्व मिळेपर्यंत बोल्डरचे भाडे परवडेनासे होऊन लाँगमाँटला बिऱ्हाड हलवले होते. एवढी वर्षे याच शहरात राबूनही इथल्या मतपत्रिकेला माझा हात लागलेला नाही.

तरीही या शहराच्या मतदारांबद्दल मला मनापासून आदर आहे. १९५९ साली त्यांनी डोंगरावर एक रेषा आखली. ५,७५० फुटांच्या वर शहर नळाचे पाणी देणार नाही, असे सार्वमताने शहराच्या सनदेतच लिहून टाकले. पाणी नाही म्हणजे बंगले नाहीत, हॉटेले नाहीत. तीच ती ‘ब्लू लाइन’. मग १९६७ साली याच लोकांनी स्वतःवर जादा विक्रीकर बसवून घेतला आणि त्यातला वाटा मोकळ्या जमिनी विकत घेण्यासाठी राखून ठेवला. आज शहराच्या ताब्यात ४५ हजार एकरांहून अधिक मोकळी जमीन आहे, म्हणजे खुद्द शहराच्या अडीचपटीपेक्षा जास्त. त्यातली बहुतेक कुणा राजाने दान दिली नाही की सरकारने बहाल केली नाही. लोकांनी मत देऊन आणि खिशातले पैसे मोजून ती राखली. जगातल्या कुठल्याही गावाने अभिमान बाळगावा अशी ही गोष्ट आहे.

पुढचा प्रवास मात्र वेगळ्या दिशेने झाला. १९७१ साली मतदारांनी इमारतींची उंची ५५ फुटांवर रोखली. १९७६ साली नव्या घरांच्या वाढीला वर्षाला सुमारे दोन टक्क्यांचा लगाम घातला. भोवती हिरवा पट्टा, वर उंचीची मर्यादा, आत वाढीवर लगाम. नोकऱ्यांना मात्र असा लगाम कुणी घातला नाही. विद्यापीठ वाढले, संशोधनसंस्था वाढल्या, सॉफ्टवेअर कंपन्या आल्या. आज बोल्डरमध्ये स्वतंत्र घर घ्यायचे तर दहा लाख डॉलरपुढेच बोलावे लागते. ज्यांना ते जमत नाही ते हिरवा पट्टा ओलांडून लाँगमाँट, ईरी, लाफायेटला घर करतात आणि रोज गाडीने परत येतात. वाढ थांबली नाही, ती उडी मारून पलीकडे गेली. जाताना धूर आणि रस्त्यावरचे तास सोबत घेऊन गेली.

नियम कागदावर सरळ दिसतो. घरात तो कसा उतरतो, हे मी पाहिले आहे. विद्यार्थिदशेत आम्ही चौघी जणी एका जुन्या घरात राहायचो. एक नाशिकची, एक हैदराबादची, एक काठमांडूची आणि मी. एकमेकांच्या नात्यात नसलेल्या तिघांपेक्षा जास्त माणसांनी एका घरात राहू नये, असा तेव्हा शहराच्या बहुतेक भागांत नियम होता. घराला खोल्या चार, भाडेकरारावर नावे तीन. घरमालकांनी पहिल्याच दिवशी बजावले होते की तपासणीला कुणी आले तर चौथीची गादी गुंडाळून कपाटात ठेवायची आणि तिच्या नावाचे टपाल या पत्त्यावर येता कामा नये. ती चौथी मी होते. आईची पत्रे मी विभागाच्या कार्यालयात मागवायचे. एकदा खरोखरच तपासणी आली, तेव्हा मी दोन तास वाचनालयात बसून काढले. गुन्हा एवढाच की मला परवडणारी एक खोली होती.

कोलोरॅडोत २०१३पासून प्रत्येक नोंदणीकृत मतदाराला मतपत्रिका टपालाने घरी येते. लाँगमाँटच्या माझ्या पेटीत पहिल्यांदा तो लिफाफा आला, त्यावर माझे नाव आणि माझा पत्ता होता, तेव्हा मला त्या कपाटातल्या गादीची आठवण झाली. ज्याला पत्ता नाही त्याला लिफाफा नाही. घर कुणाला मिळते यावरून मत कुणाला मिळते हे ठरते आणि त्या मतांवरून पुढची घरे ठरतात. हे चक्र बाहेरच्याला भेदता येत नाही. ते आतल्यांनीच थांबवायला हवे, एवढेच माझे म्हणणे आहे.

एका घरात तिघांच्याच त्या नियमाचे पुढे काय झाले तेही सांगते. २०२१ साली तो सैल करण्याचा प्रस्ताव मतदानाला आला आणि थोडक्यात पडला. २०२३ साली सिटी कौन्सिलने मर्यादा पाच जणांवर नेली आणि २०२४ साली राज्याच्या कायद्याने अशा मर्यादाच बंद केल्या. घरवाढीवर टक्केवारीचा लगाम घालणाऱ्या शहरांनाही राज्याने २०२३ साली मनाई केली. निकालाने मला आनंद झाला, पण तो ज्या वाटेने आला ती मनाला लागली. ज्या गावाने डोंगर स्वतःच्या मताने राखला, त्याने हा निर्णयही स्वतःच घ्यायला हवा होता. तो डेन्व्हरच्या विधिमंडळातून यावा लागला.

विरोध करणारी माणसे दुष्ट नाहीत. माझे एक ज्येष्ठ सहकारी १९७०च्या दशकापासून बोल्डरमध्ये राहतात. ते म्हणतात, “हा डोंगर आम्ही कर भरून घेतला आहे. आज दार उघडले तर उद्या काय उरेल?” विद्यार्थिनी असताना मी अल बार्टलेट यांचे व्याख्यान ऐकले होते. भौतिकशास्त्राचे हे प्राध्यापक ब्लू लाइनच्या चळवळीत अग्रभागी होते. वर्षाला सात टक्क्यांनी वाढणारी कुठलीही गोष्ट दहा वर्षांत दुप्पट होते, हे ते फळ्यावर मांडून दाखवत आणि सभागृह गप्प होई. ते गणित खरेच आहे, आणि कोरड्या प्रदेशातल्या गावाने पाण्याचा हिशेब मांडायलाच हवा. पण माणूस बोल्डरमध्ये राहिला काय किंवा लाँगमाँटमध्ये, पाणी तो याच डोंगरांचे पितो. चौथ्या मजल्यावरच्या घराला अंगणाची हिरवळ भिजवावी लागत नाही. गावाच्या सीमेवर गणित थांबवले तर उत्तर चुकते.

डोंगराचा एक इंचही मला नको आहे. मी बोट दाखवते आहे ते बसच्या रस्त्यांलगतच्या डांबरी वाहनतळांकडे आणि एकमजली दुकानांच्या रांगांकडे. उंचीची मर्यादा सनदेत असल्यामुळे ती कौन्सिलला बदलता येत नाही, मतदारांनाच बदलावी लागते. फक्त बसमार्गांच्या कडेला ती दोन मजल्यांनी वाढवावी आणि वरची घरे शहरात काम करणाऱ्यांना परवडतील अशा भाड्याला बांधून घ्यावीत, असा प्रश्न मतदारांसमोर ठेवायला हवा. हा रेषेचा अपमान ठरणार नाही. ब्लू लाइन आखल्यावर दोनच वर्षांनी, १९६१ साली, हवामान संशोधनाच्या राष्ट्रीय केंद्रासाठी मतदारांनी स्वतःच अपवाद केला होता. विज्ञानासाठी जो विवेक दाखवला तो परिचारिकेसाठीही दाखवता येईल.

कौन्सिलसमोर मी एकदा बोलले आहे. बोलायला बोल्डरचा पत्ता लागत नाही, मत द्यायला लागतो. हातात दोन मिनिटे होती. बसमधल्या माणसांबद्दल सांगत होते आणि वेळ संपली. व्यासपीठावरून उतरताना एका आजींनी माझा हात धरला आणि विचारले, “तुम्ही सगळे राहता तरी कुठे?” प्रश्नात खोच नव्हती, त्यांना खरोखरच माहीत नव्हते. बोल्डरच्या मतदारांनी कौन्सिलच्या निवडणुका २०२६पासून सम वर्षांत घ्यायचे ठरवले आहे. राष्ट्रीय आणि राज्याच्या निवडणुकांसोबत मतदान झाले की विद्यार्थी आणि भाडेकरू जास्त संख्येने मत देतात. निदान आतल्या भाडेकरूंचा आवाज तरी वाढेल, अशी माझी आशा आहे.

हे सारे पुण्याच्या माणसांना मुद्दाम सांगावेसे वाटते. २०२३ साली वेताळ टेकडी वाचवण्यासाठी पुणेकर रस्त्यावर उतरले, तेव्हा मला इथे भरून आले होते. टेकडी राखलीच पाहिजे. पण बोल्डरच्या लोकांच्या हाती मतपत्रिका तरी होती. पुण्यात मार्च २०२२मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची कित्येक वर्षे कारभार प्रशासकाकडे राहिला. हक्क मागायचा तर टेकडीबद्दल थेट मत देण्याचा मागा. आणि तो मिळेल त्या दिवशी, कोथरूडच्या माझ्या मावशीकडे पोळ्या करायला दोन बस बदलून येणाऱ्या बाईंचे घर कुठे असावे, हा प्रश्नही त्याच कागदावर छापून घ्या.

संध्याकाळची परतीची बस भरलेली असते. काका खिडकीशी डोके टेकून झोपतात, मागे फ्लॅटआयर्न्स काळपट होत जातात. ते कडे या बसमधल्या प्रत्येकाला प्रिय आहेत. येत्या ऑक्टोबरात बोल्डरच्या घराघरांत लिफाफे पडतील. मतपत्रिकेवर खूण करण्याआधी प्रत्येकाने आपल्या मुलाच्या पाळणाघरातल्या ताईंना एकदा विचारावे, की त्या रोज कुठून येतात.