कॉलेजची पहिली पायरी

बारावीचे निकाल लागले की या स्तंभाकडे येणाऱ्या पत्रांचा रंग पालटतो. सासरमाहेरचे रुसवे आणि आजारपणे काही काळ मागे पडतात, आणि जवळजवळ प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच प्रश्न असतो: ‘पुढे काय करावे?’ यंदाच्या पत्रांतून एक पत्र उत्तरासाठी निवडले आहे, कारण त्यातला पेच एका घरापुरता नाही.

पत्र लिहिणाऱ्या भगिनी दांडिया बाजारात राहतात. त्यांची मुलगी विज्ञान शाखेतून उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली. अभियांत्रिकीला जागा मिळेल अशी आशा आहे व वडिलांचे मन तेथेच गुंतले आहे. आजोबांची इच्छा अशी की नातीने पुण्यास जाऊन ‘आपल्या माणसांत’ शिकावे. मुलीला मात्र चित्रकलेखेरीज काही सुचत नाही. ‘तिघेही जेवताना एकमेकांशी बोलत नाहीत,’ असे त्या लिहितात, ‘आणि मी तिघांनाही वाढते.’

भगिनी, तिघांचेही म्हणणे क्रमाने पाहू.

आजोबांची ओढ समजण्यासारखी आहे. गुजरातेत पिढ्या गेल्या तरी पुण्याचे नाव निघाले की आपली वडीलधारी मंडळी हळवी होतात. परंतु प्रवेशाचे नियम मातृभाषा विचारून केलेले नाहीत. महाराष्ट्रातील अभियांत्रिकीच्या राज्य-कोट्यासाठी साधारणपणे तेथील अधिवास आणि तेथील शाळा-कॉलेजातून दिलेल्या परीक्षा पाहिल्या जातात. कर्नाटकाच्या वादग्रस्त सीमाभागातील मराठी भाषिक विद्यार्थ्यांसाठी त्या नियमांत वेगळी तरतूद आहे. बडोदे, इंदूर किंवा ग्वाल्हेर येथील मराठी मुलांना ती लागू नाही. आपली मुले तेथे परप्रांतीयच ठरतात आणि त्यांना अखिल भारतीय जागांसाठी झगडावे लागते. तेव्हा पुण्याचा विचार जरूर करावा, पण त्या वर्षीची माहितीपुस्तिका ओळ न् ओळ वाचून, आणि शुल्काबरोबर वसतिगृह, खाणावळ व वर्षातून चार वेळचा रेल्वेप्रवास यांची बेरीज मांडूनच.

शिवाय घराजवळ काय आहे, तेही पाहू या. बडोदा कॉलेज १८८१ साली सुरू झाले. त्याच्या घुमटाखाली आज कला शाखा भरते, आणि त्या शाखेत मराठीचा स्वतंत्र विभाग आहे. १८९० साली सयाजीराव महाराजांनी त्रिभुवनदास गज्जर यांच्या साहाय्याने कलाभवन काढले. तेच पुढे विद्यापीठाची तंत्रशास्त्र व अभियांत्रिकी शाखा झाले. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले व हंसाबेन मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. ललित कला शाखा १९५० ची. तेथे चित्रकला विभाग उभा करणारे नारायण श्रीधर बेंद्रे १९१० साली इंदूरच्या मराठी घरात जन्मले होते. देशभरातील मुले ज्या शाखेत शिकण्यासाठी आपले गाव सोडून येतात, ती आपल्या मुलीला घरून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. जवळची वस्तू आपण कमी मोलाची समजतो, एवढेच.

आता वडिलांविषयी. त्यांच्यावर रागावू नये. महिन्याच्या एक तारखेची चिंता ज्याने वाहिली आहे, त्याला मुलीच्या पोटापाण्याचा विचार आधी सुचणारच. पण निश्चित वाट म्हणून आपण जी दाखवतो, ती तितकी निश्चित असते काय? याच गावात वाढलेले वेंकटरमण रामकृष्णन यांचा दाखला घ्या. त्यांना वैद्यकीय प्रवेश मिळाला होता आणि वडिलांचीही तीच इच्छा होती. तेवढ्यात राष्ट्रीय विज्ञान शिष्यवृत्ती मिळाली आणि त्यांनी येथेच पदार्थविज्ञान घेतले. १९७१ साली ते पदवीधर झाले व २००९ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हट्ट धरला की नोबेल मिळते, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. त्या मुलाने हट्टाबरोबर एक शिष्यवृत्तीही मिळवून दाखवली होती, हे ध्यानात घ्यावे.

दुसरा दाखला विनोबांचा. तेही बडोद्यातच शिकले. वडिलांच्या मर्जीखातर त्यांनी फ्रेंच घेतले, आणि आईला वाटे की मुलाने संस्कृत शिकावे. मुलाचे मन तिसरीकडेच होते. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनोबा सुरतेला उतरले व काशीला गेले. प्रत्येक मूल विनोबा नसते. पण घरात दोन मोठी माणसे आपापली निवड मांडत असता तिसऱ्याच्या मनात काय चालले आहे, हे पुष्कळदा गाडी सुटल्यावर कळते.

म्हणून मुलीला प्रथम विचारावे, आणि नुसते विचारून थांबू नये. ललित कला शाखेत प्रवेशासाठी कलाचाचणी द्यावी लागते. ती तिने द्यावी. तेथे चित्रकला, शिल्प, मुद्राचित्रण, उपयोजित कला व कलेतिहास असे निरनिराळे विषय आहेत. उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांना जाहिरात, छपाई व मांडणीच्या क्षेत्रांत कामे मिळतात, हे वडिलांना सांगावे. वडिलांनी स्वतः एक दिवस तिच्याबरोबर तेथे जावे, विद्यार्थ्यांची कामे पाहावी आणि शेवटच्या वर्षाच्या दोघाचौघांशी बोलावे. त्याच आठवड्यात मुलीनेही वडिलांबरोबर तंत्रशास्त्र शाखा पाहून यावी. न पाहिलेल्या गोष्टीला नकार देण्याचा अधिकार दोघांनाही नाही.

कोणतेही कॉलेज निवडताना चार प्रश्न विचारावेत. तेथे प्रत्यक्ष शिकवते कोण? ग्रंथालय व प्रयोगशाळा विद्यार्थ्याला किती वेळ खुली असते? तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली मुले आज काय करतात? आणि शेवटच्या वर्षापर्यंतचा एकूण खर्च किती? इमारतीचा रंग व जाहिरातीतील छायाचित्रे यांतून यांपैकी एकाचेही उत्तर मिळत नाही.

तारखा सांभाळाव्यात. २०२४ पासून गुजरातेतील शासकीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी एकच सामाईक संकेतस्थळ आहे. अभियांत्रिकीसाठी गुजकेट व प्रवेश समितीची वाट वेगळी, वैद्यकीयसाठी नीट वेगळी. एका वाटेवर अर्ज केला म्हणजे दुसरीवर तो आपोआप जात नाही. चांगले गुण असूनही केवळ तारीख चुकल्यामुळे वर्ष वाया गेलेली मुले मी पाहिली आहेत.

प्रवेश झाला म्हणजे काळजी संपली, असे घरच्यांना वाटते. वास्तविक खरी परीक्षा पहिल्या सहा आठवड्यांची असते. स्वतःचाच अनुभव सांगते. मराठी शाळेतून मी कॉलेजात गेले, तेव्हा इंग्रजी व्याख्यान डोक्यावरून जाई. वहीत काय उतरवले ते घरी आल्यावर मलाच वाचता येत नसे. आई विचारी, ‘कसे चालले आहे?’ मी सांगे, ‘छान.’ पहिल्या चाचणीत ५० पैकी ९ गुण मिळाले, तेव्हा रात्री ताईजवळ रडले. ती एवढेच म्हणाली, ‘सरांना विचारलेस का?’ विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी विचारले. सरांनी आठवड्यातून दोनदा तासानंतर पंधरा मिनिटे दिली, आणि दिवाळीपर्यंत माझी गाडी रुळावर आली. जूनमध्ये तोंड उघडले असते, तर तीन महिन्यांचे रडणे वाचले असते.

विद्यापीठातील अध्यापन आजही इंग्रजीतून चालते, आणि गुजराती वा मराठी माध्यमातून आलेली मुले आजही मागच्या बाकावर मुकी बसतात. त्यांना माझे सांगणे असे: पुढे बसावे. रोज दहा नवे पारिभाषिक शब्द अर्थासह लिहावेत. विषय आधी आपल्या भाषेत समजून घेतला तर त्यात कमीपणा नाही. तास बुडवू नयेत. अंतर्गत गुण पहिल्या दिवसापासून मोजले जातात. आणि दोन मित्र असे जोडावेत की ज्यांची मातृभाषा आपली नाही.

आईवडिलांनी रोज गुण विचारू नयेत. आज कोण भेटले, काय नवे ऐकले, हे विचारावे. मूल ‘छान’ एवढेच म्हणाले, तर थोडे थांबून पुन्हा विचारावे. आणि विषय चुकला असे वर्षाअखेर खरोखरच दिसून आले, तर तो बदलण्यात नामुष्की नाही. कवळाण्याच्या गोपाळरावांची १८७५ साली, बाराव्या वर्षी, बडोद्याच्या गादीसाठी निवड झाली तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. पुढे त्यांनीच राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणले. उशीर हा काही शिक्षणाचा शत्रू नव्हे.

भगिनी, आपण मला निर्णय विचारला आहे. चाचणीत मुलगी उत्तीर्ण झाली, तर तिला चित्रकला शिकू द्यावी. न झाली, तर तिने वडिलांचे ऐकून अभियांत्रिकीस जावे व चित्रे सोडू नयेत. ही अट दोघांनीही चाचणीपूर्वीच मान्य करावी. आजोबांना सांगावे की नात संध्याकाळी घरी येईल आणि त्यांच्याशी मराठीतच बोलेल. आणि आज रात्री तिघांना वाढून झाले की आपणही त्यांच्या पंगतीला बसावे, व हा विषय आपणच काढावा.