पट्टेरी मांजराचं काय?

तोंडावर मुखवटा बांधून गुंडांच्या मागे धावणारा कुत्रा पाहिलाय कधी? हाँगकाँग फूई त्याचं नाव! हॅना-बार्बेराची ही कार्टून मालिका १९७४ साली अमेरिकेत आली. भाग अवघे १६.

आमच्या वाशीमला केबल आली, तेव्हा मी ती पाहिली. (वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं बरं का, वेगळा जिल्हा झाला १९९८ साली.) पेन्री हा पोलीस ठाण्यात झाडलोट करणारा कुत्रा. गुन्ह्याची खबर आली, की फायलींच्या कपाटात शिरून वेष बदलणार आणि हमखास खणात अडकणार! मग कुंग-फूचं पुस्तक उघडून हातपाय झाडणार आणि धाडकन आपटणार. आम्ही हसून हसून लोळायचो.

परवा त्याची डीव्हीडी लावली. ती २००६ साली निघाली. आता रिमोट माझ्या हातात, म्हणून थांबवून थांबवून बघितलं. तेव्हा कुठे ते मांजर नीट दिसलं. अंगभर पट्टे, नाव मात्र स्पॉट, म्हणजे ठिपका! अडकलेल्या पेन्रीला तेच सोडवतं. गुंडही बहुतेक वेळा त्याच्यामुळेच सापडतात. शाबासकी? ती फूईला!

माझं हसू जरा अडलंच. सातवीत विज्ञान प्रदर्शनात आमच्या पवनचक्कीला बक्षीस मिळालं होतं. चक्की बनवली मित्राने. स्टेजवर गेलो मी, कारण मला बोलता यायचं. तो मागे वायर गुंडाळत बसला होता.

येत्या रविवारी त्याला घरी बोलावलंय, डीव्हीडी बघायला. "मांजराकडे लक्ष ठेव," एवढंच सांगणार आहे. पुढचं बोलायला जमतं का, बघू.